कोरड्या पोटाची निळी पेटी

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी आज गोड बोलणार नाही. मी एक जुनी निळी पेटी आहे. आजारी माणसांचे रक्त गावातून शहरातल्या प्रयोगशाळेपर्यंत थंड ठेवून न्यायचे, एवढेच माझे काम. त्या कामात माझा केसाने गळा कापला गेला. तो परक्यांनी कापला असता तर मी गप्प बसले असते. पण माझ्याच माणसांनी कापला, म्हणून बोलते आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. आत एक भिंत, बाहेर एक भिंत, मध्ये उष्णता अडवणारा फेस आणि वर घट्ट बसणारे झाकण. मला तयार करणाऱ्या बाईने ते झाकण दोनदा आपटून पाहिले आणि मान डोलावली. माझ्याबरोबर बनलेल्या काही बहिणी मासळीबाजारात गेल्या, काही सरबताच्या गाड्यांवर गेल्या. माझ्या अंगावर मात्र लाल अक्षरांत ‘तपासणीचे नमुने’ असे छापले गेले. तेव्हा मी जरा ताठलेच होते. आता मला त्या बहिणींचा हेवा वाटतो. मासळीला कोणी बर्फ कमी पडू देत नाही.

मला एका गावातल्या दवाखान्यात पाठवण्यात आले. दोन खोल्या, एक लांब बाकडे, खिडकीशी टेबल, आणि बाहेर ओसरी. गाव दूधदुभत्याचे होते. ज्याच्या दारात गोठा नाही असे घर शोधून सापडले नसते. डॉक्टर आठवड्यातून एकदाच येत, येतानाच घड्याळ बघत येत. बाकीच्या दिवशी नर्सबाईच सगळे काही होत्या. त्यांचा हात इतका हलका होता की सुई टोचून झाली तरी लहान मुले ‘कधी टोचणार?’ असे विचारत. मला त्या रोज ओल्या फडक्याने पुसत आणि झाकणाची रबरी कड बोटाने चाचपून बघत.

दवाखान्यातला फ्रीज मी येण्याआधीच बिघडला होता. त्यात बाई कापूस आणि पट्ट्या ठेवत. त्यामुळे माझ्या पाणी भरलेल्या चपट्या बाटल्या गोठवायला गावच्या दूध केंद्रावर जात. तिथे मोठा फ्रीज होता. सकाळी बाटल्या दगडासारख्या टणक होऊन परत येत. बाई त्या माझ्या चारी बाजूंना लावत, मधे रक्ताच्या नळ्या उभ्या करत आणि झाकण दाबत. शहराकडे रोज जाणारे वाहन एकच होते, दूधगाडी. म्हणून गावचे दूध आणि गावचे रक्त एकाच गाडीतून शहरात जाई.

त्या गाडीच्या ड्रायव्हरना सगळे गाव भाऊ म्हणे. भाऊंचा माझ्यावर भारी जीव होता. मला त्यांनी मागे कॅनांच्या गर्दीत कधी टाकले नाही. स्वतःच्या शेजारच्या सीटवर बसवायचे, ऊन लागू नये म्हणून वर टॉवेल घालायचे आणि वळण आले की एक हात माझ्यावर ठेवायचे. वाटेत कोणी ती जागा मागितली तर भाऊ गंभीरपणे सांगत, ‘तिथे बाईमाणूस बसलंय.’ माणसे हसत. खरे सांगते, मी लाजत असे.

एकदा गुरे राखणारे एक आजोबा दवाखान्यात आले. त्यांना संध्याकाळी ताप चढे आणि पहाटे घाम फुटून उतरे. सांधे असे ठणकत की काठीही हातात धरवेना. घरच्यांनी म्हातारपण म्हणून सोडून दिले होते. बाईंनी सोडले नाही. त्यांनी रक्त घेतले, मी ते थंडगार नेले आणि शहरातून उत्तर आले. हा जनावरांकडून येणारा ताप होता. आजारी गाईच्या कच्च्या दुधातून किंवा तिचे वेत करताना हाताला लागून तो माणसाला होतो. नेमाने औषध घेतले तर बरा होतो. दुर्लक्ष केले तर सांध्यांत मुरतो, आणि गरोदर बाईला झाला तर पोटातल्या बाळालाही सोडत नाही. आजोबांना वेळेवर औषध मिळाले. ते बरे होऊन पुन्हा गुरांमागे गेले, जाताना माझ्या झाकणावर थाप मारून गेले. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला दिवस होता.

पण आजार सापडला की त्याच्या मागोमाग माणसे येतात. शहरातून पथक आले. त्यांनी गोठ्यागोठ्यांत जाऊन गाईंचे रक्त तपासले, काही गाई बाजूला काढायला लावल्या. शहरातल्या डेअरीने गावचे दूध घेणे थांबवले. लोकांनी कॅनच्या कॅन ओढ्यात ओतले. भाऊंची गाडी झाडाखाली उभी राहिली. ज्यांनी आजोबांसाठी बाईंपुढे हात जोडले होते, तीच माणसे बाई समोरून आल्या की रस्ता बदलू लागली. जणू काही तो ताप बाईंनीच सुईतून घातला होता.

डेअरीने पुन्हा दूध घेणे सुरू केले तेव्हा दवाखान्याच्या ओसरीवर बैठक भरली. मी दाराशीच होते, सगळे ऐकत होते. दूध केंद्राचे चेअरमन मधाळ बोलणारे गृहस्थ. ते रागावले नाहीत. त्यांनी बाईंना खुर्ची दिली आणि मग म्हणाले, “बाई, आजार होता तो होता. पण त्याला नाव कशाला दिलंत?”

बाकीच्यांनी माना डोलावल्या. भाऊही उठून उभे राहिले. आपल्या घरी कसे दिवस गेले ते त्यांनी सांगितले, आणि शेवटी म्हणाले, “पुन्हा असं होता कामा नये, बाई. कसं ते तुम्ही बघा.”

बाई उठून आत गेल्या. मला वाटले, त्या मनात म्हणत असतील, बोला काय बोलायचे ते, मी माझे काम करणार. माझी भाबडी समजूत.

त्यानंतर माझ्या बाटल्या दूध केंद्रावरून येईनाशा झाल्या. फ्रीजमध्ये लोणी आहे, जागा नाही, असा निरोप आला. बाईंनी सुरुवातीला तगादा लावला. तोवर रक्ताच्या नळ्या माझ्यातून बर्फाविना, कोरड्याच जात होत्या. भर उन्हाळा होता. प्रयोगशाळेतले चष्मेवाले गृहस्थ माझ्यात हात घालत, तोंड वाकडे करत आणि नळीवर ‘नमुना खराब’ अशी चिठ्ठी डकवत. खराब रक्त तपासता येत नाही. ते सरळ टाकून देत.

एक दिवस बाईंनी शहरातल्या आरोग्य कचेरीत फोन लावला. खराब झालेल्या नमुन्यांचे पुढे काय करता, असे त्यांनी विचारले. पलीकडून उत्तर आले, त्यांना वेगळा रकाना नाही, ‘आजार आढळला नाही’ यातच धरून टाकतो. बाईंनी फोन ठेवला. मी वाट पाहत होते की आता त्या चपला घालतील, दूध केंद्रावर जातील आणि त्या लोण्याचे काय ते बघतील. त्या उठल्या, त्यांनी मला पुसले आणि कामाला लागल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बाटल्या मागणेच सोडून दिले.

आता सगळे सुखी होते. बाई रक्त घेत होत्या, मी जात होते, रक्त फुकट जात होते आणि गावात आजार आढळत नव्हता. बाईंना लोक पुन्हा नमस्कार करू लागले. वर्षअखेर निरोगी दूधगाव म्हणून गावाला बक्षीसही मिळाले. त्या समारंभात मला टेबलावर स्वच्छ कापड घालून मांडले होते. पाहुण्यांनी माझ्याकडे बोट दाखवून गावाच्या जागरूकतेचे कौतुक केले. माझ्या पोटात त्या वेळी पाहुण्यांसाठी आणलेले पेले होते.

तरीही मित्रांनो, मी बाईंवरचा विश्वास सोडला नव्हता. वेळ आली की त्या बरोबर वागतील, असे मला वाटे. ती वेळ आली.

भाऊंच्या बायकोला बाई वहिनी म्हणत. दोघींचे चांगले जमे. वहिनी रोज बाईंना दूध आणून देत आणि मग बाकड्यावर बसून तासभर गप्पा मारत. लग्नाला बरीच वर्षे होऊन वहिनींना पहिल्यांदाच दिवस गेले होते. बाळाच्या हालचाली जाणवू लागल्या तेव्हा त्यांनी बाईंचा हात ओढून पोटावर ठेवला होता. आणि मग त्यांना ताप येऊ लागला. संध्याकाळी चढायचा, पहाटे घामाने उतरायचा. कंबर धरायची, सांधे ठणकायचे.

बाईंनी ते सगळे ऐकून घेतले आणि त्यांचा चेहरा उतरला. असा ताप त्यांनी आधी पाहिला होता. त्यांनी रक्त घेतले. मी मनात म्हटले, आज तरी बर्फ येईल. वहिनींसाठी बाई दूध केंद्राचे कुलूप तोडतील.

पण आदल्याच दिवशी चेअरमन येऊन गेले होते. शहरातल्या डेअरीशी नवा करार व्हायचा होता. एवढा महिना सांभाळा, असे ते मधाळ आवाजात सांगून गेले होते. बाईंनी वहिनींची नळी हातात धरली, माझे झाकण उघडले, आत पाहिले. मग नळी माझ्या कोरड्या तळावर ठेवली आणि झाकण लावले.

भाऊंनी त्या दिवशी टॉवेल ओला करून माझ्यावर घातला. खड्डे चुकवत गाडी बैलगाडीसारखी हळू चालवली. मध्येच मला म्हणाले, “जरा थंड राहा बरं. आज आपल्या घरचं आहे.” माझ्या आत थंड राहण्यासारखे काही नव्हते. मला तोंड असते तर मी त्या दिवशी ओरडून सारा रस्ता गोळा केला असता.

नमुना खराब ठरला. बाईंनी वहिनींना सांगितले, काही आढळले नाही. हे खोटे नव्हते, म्हणूनच ते जास्त वाईट होते. भाऊंचा जीव भांड्यात पडला. घरच्यांनी ठरवले की हा नुसता अशक्तपणा आहे आणि त्यावर धारोष्ण दुधासारखे औषध नाही. वहिनींनी बाईंना मोठ्या उत्साहाने सांगितले की आता रोज सकाळ संध्याकाळ पेला भरून घेते, थेट धारेखालचे. बाई पाठमोऱ्या होत्या. उकळून घ्या, असे त्या म्हणाल्या, पण इतक्या हळू की मलाच कसेबसे ऐकू आले. उकळल्यावर त्याचा कस जातो, असे वहिनी हसून म्हणाल्या. बाई पट्ट्या मोजू लागल्या.

बाळ राहिले नाही. मुलगा होता.

त्यानंतरही ताप जाईना, म्हणून बाईंनी पुन्हा रक्त घेतले. पुन्हा ते माझ्यात कोरडेच ठेवले. माझा राग आता गोठून गेला होता. त्या दिवशी घाटात गाडी पंक्चर झाली. भाऊंनी चाक बदलायला घेतले, पण गंजलेला बोल्ट सुटेना. त्यांना माझी काळजी लागली. आतला बर्फ वितळला असेल म्हणून त्यांनी दुधाच्या कॅनांभोवती घातलेला बर्फ फोडून घेतला, पिशवीत भरला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझे झाकण उघडले.

आत वितळलेले पाणी नव्हते. ओलही नव्हती. भाऊंनी माझ्या भिंतींवरून हात फिरवला आणि तळावर बोट ओढले. मग त्यांनी तो बर्फ नळीभोवती नीट रचला. दुधाचा बर्फ रक्ताला मिळाला तो असा. प्रयोगशाळेत चष्मेवाल्यांनी माझ्यात हात घातला, त्यांना आश्चर्य वाटले आणि त्यांनी नळी पुढे पाठवली. उत्तर आले तेव्हा त्यात आजाराचे नाव होते.

भाऊ मला घेऊन दवाखान्यात आले. मला त्यांनी बाईंच्या टेबलावर ठेवले आणि झाकण उघडे टाकले.

“बाई, हिच्यात बर्फ का नव्हता?”

बाईंनी हातातली कात्री खाली ठेवली. “तुम्हीच म्हणाला होतात, पुन्हा असं होता कामा नये. कसं ते मी बघावं. मी बघितलं.”

“मी काय माझ्या घराबद्दल बोलत होतो?”

“मग कुणाच्या घराबद्दल बोलत होतात, भाऊ?”

बाई रडू लागल्या, पण त्यांच्या रडण्याने मला काही वाटले नाही. मला वाटले, भाऊ तरी आता माझे आहेत. एवढे सोसल्यावर हा माणूस गप्प बसणार नाही.

आजार सापडल्यामुळे आरोग्य कचेरीतले साहेब चौकशीला येणार होते. त्या सकाळी मी भाऊंच्या शेजारच्या सीटवर होते. चेअरमन आले आणि गाडीच्या दाराला टेकून उभे राहिले. त्यांनी वहिनींच्या तब्येतीची आपुलकीने चौकशी केली. औषधाला काही कमी पडू देणार नाही, असे सांगितले. मग गाडीच्या टपावर हलकेच थाप मारून म्हणाले, “गाडी केंद्राची आहे, भाऊ. वहिनींना ताप आलाय, तो त्यांच्या माहेरचा म्हणा. गावचा कशाला करता?”

साहेब दवाखान्यात आले. वहिनी औषध घ्यायला बाकड्यावर बसल्या होत्या. त्यांच्यासमोरच साहेबांनी भाऊंना विचारले, हिला लागण कुठे झाली असावी? भाऊंनी माझ्याकडे पाहिले, जमिनीकडे पाहिले आणि म्हणाले, “माहेरी गेली होती. तिकडूनच आणलं असेल.”

वहिनींनी मान वर केली. दोन वर्षे त्या माहेरी गेल्याच नव्हत्या. आधी गाय व्यायली म्हणून, मग कणसे काढायची म्हणून, मग दिवस गेले म्हणून, त्यांना कोणी जाऊच दिले नव्हते. त्या शांतपणे म्हणाल्या, “गाय माझ्या दारातली, धार मी काढते, दूध मी प्यायले. यात माझं माहेर कुठून आलं?”

साहेबांचे लिहून झाले होते. या गावचा आजार म्हटला असता तर त्यांना पुन्हा गोठेच्या गोठे तपासावे लागले असते. त्यांनी पेनाला टोपण लावले. “ताई, तुम्ही आता आराम करा,” असे म्हणून ते जीपकडे गेले. चेअरमन त्यांना पोचवायला गेले. भाऊ जागेवरून हलले नाहीत, आणि वहिनींनी त्यांच्याकडे पाहिले नाही. बाई औषधाच्या पुड्या बांधत राहिल्या. माझ्या आयुष्यात मी इतक्या ओळखीच्या माणसांत इतकी एकटी कधी पडले नव्हते.

गाव पुन्हा निरोगी ठरले. दूध चालू राहिले. गोठ्यांत कोणी गेले नाही. वहिनींनी औषध पुरे केले, त्या उठून कामाला लागल्या, पण भाऊंच्या गाडीत मात्र त्या परत कधी बसल्या नाहीत.

काही दिवसांनी वहिनींच्या शेजारच्या घरातली नवी सून दवाखान्यात आली. तिलाही संध्याकाळचा ताप येत होता, आणि तिलाही दिवस गेले होते. बाईंनी तिचे रक्त घेतले आणि माझे झाकण उघडले. त्यांचा हात तसाच थांबला. तेवढ्यात वहिनी आत आल्या. त्यांनी उराशी कापडाचे गाठोडे धरले होते आणि त्यातून पाणी ठिबकत होते. दूध घालायला लागलेल्या रांगेतून सरळ पुढे जाऊन त्यांनी केंद्राचा फ्रीज उघडला होता, हे मला नंतर कळले. कोणी त्यांना अडवले नाही. कोणी त्यांच्याकडे वर बघितलेही नाही.

वहिनींनी बर्फ माझ्यात रचला. त्यांचे हात लालभडक झाले होते. बाई पुढे झाल्या आणि त्यांनी नळी मधोमध उभी केली. वहिनींनी स्वतः झाकण दाबले, मला उचलून बाहेर नेले आणि भाऊंच्या हातात दिले.

“उघडून बघा,” त्या म्हणाल्या. “आता रोज उघडून बघायचं.”

भाऊंनी उघडून पाहिले. त्या नव्या सुनेचे बाळ वाचेल की नाही, तिचा आजारही पुढे कोणी तिच्या माहेराच्या माथी मारील का, ते मला माहीत नाही. मी फक्त थंड राहू शकते, आणि तेही कोणी बर्फ घातला तरच.

मित्रांनो, मी पुन्हा कामाला लागले आहे, पण माझे मन अजून निवळलेले नाही. तुम्हांला कोणी सांगितले की आजार आढळला नाही, तर लगेच आनंदाने घरी पळू नका. तो शोधला होता का, असे विचारा. मोठी माणसे चिडतील, विषय बदलतील. तरी विचारा. वहिनींचा ताप दुसऱ्याच गावच्या आकड्यात गेला. त्यांचे बाळ तर कुठल्याच गावच्या आकड्यात नाही. निदान तुम्ही तरी ते हिशेबात धरा.